पेडलवर आईचा पाय

आमच्या घरात गाडी पडली की आई मार खायची. असं सरळ लिहिलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते आहे. गाडी पडण्याचा आणि आईचा काय संबंध? वडिलांच्या मते होता. एकदा गाडी विटांवरून घसरली तेव्हा आई नेमकी "चहा झाला" म्हणाली होती, म्हणजे तिच्यामुळे त्यांचं लक्ष उडालं. एकदा ती मागच्या दारी धुणं आपटत होती, त्या आवाजामुळे. आणि एकदा तर ती घरातच नव्हती, शेजारी ब्लाउजचं माप घ्यायला गेली होती. परत आल्यावर खाल्ला, कारण ती घरात असती तर गाडी धरायला कोणीतरी असतं.

वडील कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. गाडी म्हणजे त्यांची जुनी, जड, लोखंडी मोटरसायकल. ती कुठल्याही मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही हा त्यांचा बाणा. ऑइल तेच बदलणार, चेन तेच ताणणार, आणि ते सगळं आमच्या अंगणात. अंगणाची फरशी मोरीकडे उतरती. त्या उतारावर ते इंजिनखाली सागवानी ओंडका सरकवायचे, दोन्ही बाजूंना विटा रचायचे आणि वर छाती पुढे काढून उभे राहायचे. आई गाडीला "माझी सवत" म्हणायची. पण ते वडिलांचा मूड बरा असला तरच. नाहीतर ती गाडीचं नावही घेत नसे.

मी स्वतः काही गरीब गाय नाही. सगळे म्हणतात मी बापावर गेले आहे. माझ्या नवऱ्यानं एकदा माझ्यावर हात उचलला, तेव्हा उकळत्या वरणाचं पातेलं त्याच्या पायावर गेलं. पडलं नाही, गेलं. त्याच संध्याकाळी मी बॅग घेऊन माहेरी आले. वडिलांनी ऐकलं आणि अंगणात मांडीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! माझी पोरगी आहे!" आई तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि तिच्या दंडावर पाचही बोटं उमटलेली होती. मला हसावं की रडावं ते कळेना. खरं तर मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

मी धरमपेठेतल्या एका ऑफिसात नोकरी करते. मी घरी असताना वडील हात आवरून असायचे. त्यांचं जे काही चालायचं ते मी ऑफिसात असताना. त्या उन्हाळ्यात एके दिवशी घरी आले तर अंगणभर पाणी आणि खस. गाडी विटांवरून घसरून कूलरवर पडली होती. कूलरची एक बाजू आत चेपलेली, पंपाची वायर बाहेर लोंबत होती. दाराच्या चौकटीत एक खोल खड्डा पडला होता, फेकलेल्या पान्याचा. आई पायरीवर बसली होती. टॉवेलात बर्फ गुंडाळून तिनं जबड्याला लावला होता. मला पाहून म्हणाली, "कूलर फुटला वं." जणू बातमी तीच होती. बोलताना मला दिसलं, तिचे खालचे दोन दात नव्हते.

मी कूलरची तुटलेली लाकडी चौकट उचलली आणि आत गेले. वडील खाटेवर बसले होते. त्या दिवशी मी त्यांचं डोकं फोडलं असतं. आई धावत मध्ये आली आणि तिनं माझ्याच कानाखाली दिली.

"बापावर हात उचलते?"

पोलिसांत जाऊ म्हटलं तर ती माझ्यावरच खवळली. मग आपण दोघी वेगळ्या राहू म्हटलं, तर म्हणाली, "मी काहून जाऊ? हे घर माझ्या शिलाईनं उभं राहिलं. जायचं त्यानं जावं." हे बोलताना तिच्या तोंडातून लाळेबरोबर रक्त येत होतं आणि आवाजात मात्र तसूभर कंप नव्हता. या बाईपुढे डोकं आपटून काही होणार नाही हे मला कळलं.

मग मी एवढंच ठरवलं, की आमच्या घरात गाडी पडायची नाही. नवरा बायकोला मारतो म्हणून मुलगी जॅक विकत आणते, यावर कोणी हसेल तर हसो. आजार बरा करायचं माझ्या हातात नव्हतं. त्याला निमित्त मिळू द्यायचं नाही, एवढं होतं.

स्पेअर पार्टच्या गल्लीत गेले. दुकानदारानं माझ्यामागे कोणी पुरुष येतो का ते पाहिलं. "मॅडम, भाऊले घेऊन या ना. त्याईले समजते."

"भाऊ नाही. बाप आहे. त्यांना आणलं तर तुमच्या दुकानाचं काही खरं नाही."

त्यानं आधी कैचीसारखा उघडणारा छोटा जॅक दाखवला. हँडल फिरवलं की वर येतो. स्वस्त होता, पण त्याची बैठक माझ्या दोन तळव्यांएवढी. एवढ्याशा बुडावर आमची सवत उभी राहणार नाही हे मला तिथंच दिसलं. दुसरा होता तेलाच्या दाबावर चालणारा, पायानं दाबायचा. बसका, रुंद, म्हणजे गाडीच्या पोटाखाली सहज जाणारा. वर दोन लांब भुजा, त्यांवर रबर, गाडीची चौकट त्या रबरावर टेकते. खाली चाकं, पण त्यांना पक्कं बसवायची सोय. गाडी वर गेली की आडवी घालायची लोखंडी दांडी, म्हणजे तेलाचा दाब गेला तरी भुजा खाली येत नाहीत. आणि कोपऱ्यांत कड्या, गाडी दोन्हीकडून पट्ट्यांनी बांधून टाकायला. किती वजन पेलतो ते विचारलं, गाडीच्या वजनाच्या कितीतरी वर होतं. तरी माझं समाधान होईना. दुकानासमोर उभी असलेली एक मोटरसायकल मी त्याला त्यावर चढवायला लावली आणि खांद्यानं धडक मारली.

"मॅडम!" तो ओरडला. "गाडी माझी आहे!"

गाडी हलली नाही. मी तोच घेतला.

घरी खोका उतरवला तेव्हा वडिलांनी त्याला लाथ घातली. आत लोखंड होतं, त्यामुळे अंगठा धरून खाली बसले आणि तिथूनच ओरडले, "जिंदगीभर मशिनी उचलल्या म्या! तू मले जॅक शिकवून राहिली काय वं?"

"तुम्हाला नाही शिकवत," मी म्हटलं. "आईला शिकवते."

आणि खरंच आईला शिकवलं. दोन पेडल होती. एक दाबत राहिलं की भुजा टप्प्याटप्प्यानं वर येतात. दुसरं दाबलं की खाली. दुसऱ्याला जोर लागत नाही, नुसता पाय टेकला तरी गाडी खाली येते, म्हणून तिकडे चुकून पाय जायला नको, असं मी दोनदा बजावलं. आईनं पहिल्यांदा पाय ठेवला तो असा, जणू ती वर्षानुवर्षं हेच करत होती. "हे तं शिलाई मशीनच आहे वं," ती म्हणाली आणि हसली. दात नव्हते तिथं जीभ दिसली.

मी मोठ्यानं, वडिलांना ऐकू जाईल असं सांगत होते. आधी उतारावर फळ्या टाकून जागा सपाट करायची. चाकं पक्की करायची. भुजा चौकटीलाच लागल्या पाहिजेत, सायलेन्सरला नाही. वर गेली की दांडी घालायची. मग पट्टे, डावीकडून आणि उजवीकडून. आणि हे सगळं झाल्याशिवाय अंगाचा कुठलाच भाग गाडीखाली न्यायचा नाही. वडील खाटेवर पेपर धरून बसले होते. पेपरमागून आवाज आला, "पट्टे कायले? नवरदेवाची घोडी आहे काय बांधाले?"

मी ऑफिसला गेले की ते जॅक वापरू लागले, हे आईनं मला सांगितलं. पट्टे भिंतीवरच्या खिळ्याला तसेच टांगलेले, दांडी कोपऱ्यात. पण गाडी पडत नव्हती. पोळा गेला, पावसाळा गेला. रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी मी आईचे हात, मान, गाल पाहून घ्यायची. नवा डाग नसायचा. मला त्या लोखंडाच्या तुकड्याची पप्पी घ्यावीशी वाटायची.

मला एकटीलाच वाटत नव्हतं. खंडेनवमीला आईनं घरातली सगळी अवजारं पाटावर मांडली. विळी, कात्री, शिलाई मशीन, वडिलांचे पाने. दरवर्षी मांडते. त्या वर्षी जॅकचा मान पहिला. तिनं तो घासूनपुसून काढला, जवसाच्या तेलाचा हात वरून खालपर्यंत फिरवला, भुजांवर तेलातच कालवलेल्या हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची फुलं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. एवढ्या मनापासून तिला देवापुढेही हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. त्या भुजांवरचं रबर तेलानं चमकत होतं. मी बाजूलाच उभी होते आणि मला ते छान दिसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी वडिलांना काटोलला भावाकडे सोनं द्यायला जायचं होतं, गाडीवरच. सकाळी आठवण झाली की ऑइल बदलायचं राहिलं.

"आज अवजाराले आराम असते," आई म्हणाली. "उद्या करा ना."

"मले अक्कल शिकवू नको."

त्यांनी ऑइल पातळ व्हावं म्हणून गाडी बराच वेळ चालू ठेवली. फुलं उडवली, जॅक पाटावरून ओढला, गाडीखाली सारला, पेडल मारलं. दांडी नाही, पट्टे नाहीत, फळ्या नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "बाबा, पट्टे!" त्यांनी हात झटकला. उजव्या बाजूला छोट्या पाटावर बसले, पाय गाडीखाली लांब केला, इंजिनच्या तळाच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर काढला.

बोल्ट सुटला नाही. गाडी सुटली. तेलकट रबरावरून ती साबणाची वडी घसरावी तशी सरकली आणि त्यांच्या अंगावर आली. हँडल अंगणातल्या पाण्याच्या टाकीला अडकलं म्हणून छाती वाचली. बाकी सगळं वजन उजव्या पायावर. फूटरेस्ट नडगीत रुतला आणि तापलेला सायलेन्सर मांडीला चिकटला. कापड जळल्याचा वास आला, मग वेगळा वास आला. वडील ओरडले तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या घरात तसं ओरडण्याचं काम त्यांचं नव्हतं.

शेजारी असते तर भिंत ओलांडून आले असते. पण ते सगळे पहाटेच पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला गेले होते. आम्ही तिघंच होतो. मी धावत जाऊन हँडल दोन्ही हातांनी धरलं, कारण ते टाकीवरून घसरत होतं आणि घसरलं असतं तर वडिलांच्या डोक्यावर आलं असतं. धरून ठेवणं जमत होतं, उचलणं जमत नव्हतं.

आई आली. तिनं आधी गाडी धुवायला भरलेली बादली सायलेन्सरवर आणि मांडीवर उपडी केली. फस्स झालं, वाफ उठली, वडिलांनी आणखी एक किंकाळी फोडली. मग तिनं जॅक खाली घेतला, ओढून बाहेर काढला आणि पदरानं दोन्ही भुजा कोरड्या पुसल्या. पदर पिवळा-लाल झाला. तो तिनं वास घेऊन पाहिला. काय झालं ते तिला त्या क्षणी कळलं, आणि मलाही.

"लवकर कर वं, मरून राहिलो मी!"

तिनं फळी टाकली, जॅक दुसऱ्या बाजूनं आत सारला, भुजा चौकटीला लागल्या का ते वाकून पाहिलं आणि पेडल दाबलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. गाडी थोडी उचलली गेली. मांडी मोकळी झाली, पाऊल अजून अडकलेलं. वडिलांचा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर तेही परत आले. त्यांची नजर तिच्या पदरावर गेली.

"तेल लावलं? तू त्याले तेल लावलं?" त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता. "निघू दे मले. फक्त निघू दे. तुझे हातच तोडतो आज."

आईचा पाय थांबला.

"तं मग नका निघू," ती म्हणाली.

"काय?"

"निघून माझे हात तोडणार आहे ना तुम्ही? मग मी काहून काढू तुम्हाले?"

वडिलांना समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, सांग तिले काही."

"माझे हात गुंतले आहेत, बाबा," मी म्हटलं.

आईनं पहिल्या पेडलवरचा पाय काढला आणि दुसऱ्यावर ठेवला. दाबला नाही. नुसता वर ठेवला, चप्पल न घातलेला, भेगा पडलेला, बोटात जोडवं असलेला पाय. मग ती माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "यानं खाली येते ना वं?"

"हो," मी म्हटलं. "नुसता टेकला तरी येते."

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून मोठा आनंद झाला, पोटातून वर चढणारा, आणि तो मी लपवणार नाही. दात पडलेल्या संध्याकाळपासून तो माझ्या आत कोंडून पडला होता.

वडील तिच्या पायाकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम कानात जात होता. "अवं... असं नको करू."

आईचा पाय तिथंच.

"नाही तोडत हात."

"अन् मारता काय?"

"नाही मारत."

"गाडी पडली तं?"

"नाही."

"भाजी खारट झाली तं? मी बोलली तं? नाही बोलली तं?"

वडील रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांची कीव आली नाही. "कायच्यासाठीच नाही," ते म्हणाले. "कायच्यासाठीच नाही मारत."

आईनं पाय उचलून पहिल्या पेडलवर ठेवला आणि गाडी हवी तेवढी वर घेतली. मला वाटलं आता ती त्यांना ओढून काढेल. पण ती कोपऱ्यात गेली, दांडी आणली आणि आडवी घातली. हलवून पाहिली. मग भिंतीवरच्या खिळ्याचे पट्टे काढले. डावीकडचा हँडलला बांधून कडीत ओढला. उजवीकडे जायला तिला वडिलांना ओलांडावं लागलं. त्यांना ओलांडून तिनं तोही बांधला, ताणला, गाठ तपासली. मी शिकवलेलं एकही काम तिनं सोडलं नाही आणि एकाचीही घाई केली नाही.

"आता सोड हँडल," ती मला म्हणाली. आणि त्यांना म्हणाली, "काढा पाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. आईनं जन्मभर अशा टेबलापुढे "पायरीवरून पडली" म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी ती बाकावर बसून राहिली आणि वडीलच म्हणाले, "माझीच चूक झाली." नडगीचं हाड मोडलं होतं. मांडीवरचा भाजल्याचा डाग गेला नाही, जाणारही नाही.

लोक विचारतात, माणूस सुधारला का? नाही सुधारला. तो घाबरला. मला भीती चालते. सुधारण्याची वाट आईनं पुष्कळ पाहिली आणि त्यात तिचे दात गेले.

प्लास्टर निघाल्यानंतरची एक दुपार सांगते, सुट्टीची. आई खिडकीपाशी मशीनवर ब्लाउज शिवत होती. वडिलांनी पाणी मागितलं, मशीनच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा मागितलं आणि मग स्टीलचा रिकामा ग्लास हातात घेऊन ते तिच्या पाठीशी उभे राहिले. ग्लास धरलेला हात खांद्याच्या वर गेला. मी दारात होते, मी पुढे झेप घेतली.

आईनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं फक्त मशीन थांबवली. तिचा पाय पेडलवर तसाच टेकलेला होता.

वडील त्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला, माठाजवळ गेले आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायले. ग्लास विसळून पालथा ठेवला.

मशीन पुन्हा सुरू झाली.